पोतंभर पाला, बोटभर मासा

“चोर म्हटला की त्याने काहीतरी नेलं पाहिजे,” वकील म्हणाला. “इथे मासे सगळे जागच्या जागी. मग चोरी कसली?”

“हळू बोल. आणि पाय हलवू नकोस, फळी हलते,” ताईने दटावलं.

तिघंही पाण्यावर टाकलेल्या फळीवर पालथी पडली होती. हनुवट्या फळीच्या कडेला, नाकं पाण्यापासून वीतभर. थंडी अशी, की नाकाचा शेंडा जागेवर आहे की नाही ते हात लावून बघावं लागत होतं. खाली ओढ्याचं पाणी काचेसारखं स्वच्छ होतं आणि त्यात मावशीची बोटुकली इकडून तिकडे फिरत होती.

मावशी मत्स्यबीज केंद्र सांभाळायची. केंद्र म्हणजे काही मोठा कारखाना नव्हे. ओढ्याचा एक लांबलचक वळसा दोन्ही टोकांना बारीक जाळीने अडवलेला, काठावर पत्र्याची खोली, खोलीत तराजू, बादल्या आणि मावशीचे गुडघ्यापर्यंतचे बूट. इथे मासे वाढवायचे आणि बोटाएवढे झाले की नदीत सोडायचे. बोटाएवढे म्हणून बोटुकली. पण गेल्या वर्षी ती बारीक राहिली होती, आणि या वर्षी तर बोटाएवढी व्हायचं नावच घेत नव्हती. डोकी तेवढी मोठी झाली होती, आणि मागे नुसती सुतळी.

“मासे नाही नेले,” मुंगी म्हणाली. “माशांच्या आतलं नेलंय कोणीतरी.”

मुंगी मावशीची मुलगी. वय नऊ, नजर कायम जमिनीकडे. दगड दिसला की उलटायचा आणि खाली कोण राहतं ते बघायचं, हा तिचा उद्योग, म्हणून ती मुंगी. ताई आणि वकील तिची मावसभावंडं, दर वर्षी थंडीच्या सुट्टीत इथे येणारी. ताई तेरा वर्षांची, घरात सगळ्यांत शहाणी समजली जाणारी आणि त्यामुळे कायम वैतागलेली. वकील तिचा धाकटा भाऊ. अजून सहावीत होता, पण “चल, जेवायला बस” म्हटलं तरी तो आधी दोन मुद्दे मांडायचा.

“मावशी त्यांना काही खायला का नाही टाकत?” वकिलाने विचारलं.

“टाकायचं नसतं. हाताने भरवलेली बोटुकली नदीत गेली की वरून कोणीतरी टाकेल म्हणून तोंड वर करून बसतात. मग बगळा येतो आणि टिपून नेतो. ओढा वाहत येतो ना, तोच त्यांचं खाणं घेऊन येतो.”

“मग आता का नाही आणत?”

मुंगीने फळीची एक ढलपी काढून पाण्यात टाकली. दोन बोटुकली धावत आली, तोंड लावून बघितलं आणि परत गेली.

“मत्स्यखात्याचा वजनवाला येणार आहे,” ती म्हणाली. “तुमची सुट्टी संपायच्या आत. बोटुकली वजनात भरली नाहीत तर केंद्र बंद. मग आईची बदली समुद्राकाठच्या केंद्रात. मी आईबरोबर जायचं.”

“आणि काका?” ताईने विचारलं.

“बाबा इथेच. वीजघर काही उचलून नेता येत नाही.”

हे तिने अगदी सरळ आवाजात सांगितलं. वकिलाचे हलणारे पाय थांबले.

*

काका, म्हणजे मुंगीचे बाबा, ओढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या छोट्या वीजघरात कामाला होते. तिथे ओढ्यावर एक भिंत होती. भिंतीमागे पाणी साठायचं, मोठ्या नळातून खाली उतरायचं आणि यंत्राचं चाक फिरवून पुन्हा ओढ्याला मिळायचं. वरच्या जंगलातून पाण्याबरोबर पालाही यायचा. तो चाकात जाऊ नये म्हणून नळाच्या तोंडाशी लोखंडी गजांची जाळी होती. त्या जाळीवर अडकलेला पाला लांब दांड्याच्या दंताळ्याने ओढून काढायचा, हे काकांचं काम. सकाळी काढायचा, दुपारी काढायचा, संध्याकाळी काढायचा. उन्हाळ्यात बरं असायचं, पण थंडीत पानं अशी गळायची की दंताळं हातातून सुटायचं नाही.

काकांना मात्र त्या पाल्याचा भारी अभिमान. त्यांनी स्वतःच्या हाताने एक दाबयंत्र बनवलं होतं. पाला वाळवायचा, त्यात दाबायचा, की चौकोनी वीट तयार. घरामागे अशा विटांची खांद्याएवढी भिंत रचलेली होती. सकाळी त्यावर सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी तापायचं. आणि संध्याकाळी मावशी केंद्रातून आली, की काका टबात कढत पाणी ओतून तिच्यापुढे ठेवायचे. दिवसभर ओढ्यात घातलेले तिचे हात जांभळे पडलेले असायचे. मावशी कोपरापर्यंत हात त्या पाण्यात बुडवायची आणि डोळे मिटायची. तेवढा वेळ घरात कोणी तिला काही विचारत नसे.

त्या संध्याकाळीही तसंच झालं.

“सगळा फुकटचा माल,” काका विटांकडे बोट दाखवत म्हणाले. “माझ्या आधी तिथे सुस्तोबा होता. त्याला सगळे सुस्तोबाच म्हणायचे. बसल्या जागी दंताळं मारायचा आणि पाला भिंतीवरून पलीकडे सोडून द्यायचा. उचलून न्यायचा कंटाळा. एवढं चांगलं जळण वर्षानुवर्षं पाण्यात घालवलं त्या माणसाने.”

“मग बंद कसं झालं ते?” ताईने विचारलं.

“नवे साहेब आले. त्यांना ओढ्यात काडी दिसलेली खपत नाही. म्हणाले, वीजघराच्या खाली एक पान वाहता कामा नये. सुस्तोबा निवृत्त झाला, मी लागलो. दोन वर्षं झाली, एक पान जाऊ दिलं नाही मी. स्वच्छतेची ढाल मिळाली वीजघराला. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली माझी.”

मावशीने डोळे उघडले आणि काकांकडे बघून हसली. सगळी हसली. सुस्तोबाचे आणखी दोन किस्से झाले. हे एवढं समोर मांडून ठेवलेलं असूनही त्या घरात एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

*

पुढचे काही दिवस तपास चालला आणि रोज एक संशयित सुटला.

पहिला संशय विषावर. वकिलाने पाण्याचे नमुने घेऊन मावशीपुढे ठेवले. मावशी म्हणाली, पाणी मी रोज तपासते, त्यात काही खोट नाही, इतकं चांगलं पाणी या ओढ्याला कधीच नव्हतं. दुसरा संशय पाणमांजरावर. पण पाणमांजर मासा गट्टम करतं, त्याला बारीक करून ठेवत नाही, असं वकिलानेच स्वतःच्या विरोधात सांगितलं. तिसरा संशय रोगावर. मावशीने एक बोटुकली हातात घेऊन कल्ले उघडून दाखवले, छान लाल होते.

“मग झालंय काय त्यांना?” ताईने विचारलं.

“उपाशी आहेत,” मावशी म्हणाली. “एवढंच दिसतंय. का आहेत, ते नाही कळत. मी रोज जाळीपाशी उभी राहते. पूर्वी पाण्यातून किडे वाहत यायचे. आता नुसतं पाणी येतं.” आणि ती वळून खोलीत गेली. तिला रडू येत होतं हे तिघांनाही कळलं.

त्या दुपारी मुंगी ओढ्यात उतरून दगड उलटत सुटली. एक, दुसरा, तिसरा. खाली वाळू. चौथ्याखाली वाळू.

“पूर्वी इथे बिऱ्हाडकर असायचे,” ती म्हणाली.

“ते कोण?”

“किडे. अंगाभोवती खड्यांची नळी करून राहतात आणि ती ओढत ओढत फिरतात. सगळं बिऱ्हाड पाठीवर. प्रत्येक दगडाखाली पाच-सहा तरी असायचे. बोटुकल्यांना ते फार आवडतात.”

“मग ते गेले कुठे ते शोधू या,” ताई म्हणाली. “ओढ्याच्या काठाने वर जाऊ.”

तिघं निघाली. काठावर झाडं नव्हती, विजेच्या तारांसाठी कधीच तोडलेली. नुसता दगडांचा उतार. दर थोड्या अंतरावर मुंगी पाण्यात हात घालायची, दगड उलटायची आणि मान हलवायची. वीजघर आलं तरी तेच. मग ती बाजूच्या पायऱ्यांनी भिंतीच्या वर गेली.

वर दुसरंच जग होतं. झाडांनी दोन्ही बाजूंनी ओढ्यावर छत धरलेलं, तळाशी साचलेल्या पाल्याने पाणी चहाच्या रंगाचं दिसणारं, काठाला कुजक्या पाल्याचा वास. वकिलाने नाक दाबलं.

“हे घाण पाणी खाली गेल्यामुळेच—”

“गप्प बस आणि हे बघ,” मुंगी ओरडली. तिने पाण्यातून एक दगड वर काढला होता.

दगडाची खालची बाजू हलत होती. बिऱ्हाडकर होते, त्यांच्या खड्यांच्या नळ्या एकमेकांना खेटून. चपटे किडे पळत होते, जाडे किडे रांगत होते. मुंगीने काळं पडलेलं एक पान उचललं. पानाचा मऊ भाग कडेकडेने कुरतडलेला होता आणि शिरा तेवढ्या शिल्लक होत्या.

“एक मिनिट,” वकील म्हणाला. “घाण पाण्यात गर्दी आणि स्वच्छ पाण्यात कोणी नाही. असं कसं? उलट हवं.”

“पान,” ताई हळूच म्हणाली. “ते पान खातात. इथे पान आहे. खाली नाही.”

“पण पाणी तर खाली जातं. मग पानही जायला—”

वकील मध्येच थांबला. तिघांनीही एकदमच भिंतीकडे बघितलं.

भिंतीच्या कडेला काका उभे होते. पाठमोरे, बाह्या वर केलेल्या. दंताळं गजांवरून खाली सोडत होते, वर ओढत होते, ओला काळा पाला मागे पोत्यात टाकत होते. एक पान दात्यांतून निसटून भिंतीच्या पलीकडे जायला निघालं, तर त्यांनी चटकन वाकून ते हाताने पकडलं आणि पोत्यात घातलं. कामाला इतका चोख माणूस शोधून सापडला नसता.

तिघंही झाडाआड उभी राहिली. चोर सापडला होता आणि कोणालाच तो पकडायचा नव्हता.

“त्यांना नको सांगू या,” वकील म्हणाला. असं तो कधी म्हणत नसे.

मुंगीने तो दगड होता तसा, होता तिथे ठेवला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी नेहमीप्रमाणे हाक मारली, “पाणी तापलंय, पहिला नंबर कोणाचा?”

“माझा नको,” मुंगी म्हणाली. “मला गार पाणी.”

“वेड लागलंय का? बाहेर दात वाजतायत.”

“ते पाणी माशांचं आहे, बाबा.”

काका हसले. मुंगी हसली नाही. मग तिने सगळं सांगितलं. दगड, पान, बिऱ्हाडकर. मध्ये मध्ये ताईने मदत केली. काका ऐकत गेले आणि त्यांचं हसू कमी कमी होत गेलं. मावशी दारात येऊन उभी होती, तिनेही ऐकलं आणि दाराच्या चौकटीला टेकली.

“मी पाणी तपासत बसले,” ती म्हणाली. “दोन वर्षं पाणी तपासत बसले. पाण्यात काय आहे ते बघत होते. काय नाही, ते कसं दिसणार?”

“पण एवढ्याशा पानात असं असतं तरी काय?” वकिलाने विचारलं.

मावशी खाली बसली. “ऊन असतं. झाडावर ऊन पडतं, ते झाड पानात साठवतं. पान गळून पाण्यात पडलं, भिजून मऊ झालं, त्याला बुरशी लागली, की किडे ते खातात. किड्यांना मासे खातात. माशांना बगळा. एकच शिदोरी हातोहात पुढे जाते. फक्त प्रत्येक हातात ती बरीचशी संपते. पोतंभर पाला असेल तर त्यातून मूठभर किडे होतात, आणि तेवढ्या किड्यांवर बोटभर मासा.”

“बाकीचं जातं कुठे?”

“जगण्यात. चालायला, पळायला, अंग चालू ठेवायला. तू सकाळपासून संध्याकाळपर्यंत किती खातोस? आणि वजन कितीने वाढतं तुझं?”

“सगळं बोलण्यात जातं त्याचं,” ताई म्हणाली.

एरवी यावर हशा पिकला असता. काका घरामागच्या विटांच्या भिंतीकडे बघत होते.

“म्हणजे हे एवढे सगळे मासे मी चुलीत घातले,” ते म्हणाले.

“तू माझ्यासाठी पाणी तापवत होतास,” मावशी म्हणाली.

“सुस्तोबाच्या आळसावर ओढा जगत होता. मी मन लावून काम केलं आणि तो मारला.”

मावशीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात गार होता.

वकिलाला अजून एक आशा होती. “मग आजपासून पाला सोडू या खाली. त्या विटाही फोडून टाकू या. वजनवाला यायला अजून वेळ आहे.”

मावशीने मान हलवली. “पाला पडला म्हणून उद्या किडे होत नाहीत. ते वरून वाहत येतील, अंडी घालतील, वाढतील, मग मासे वाढतील. या कामाला घाई करता येत नाही रे. या वर्षीच्या बोटुकल्यांसाठी उशीर झाला.”

“तरी सोडू या,” मुंगी म्हणाली.

“सोडायचाच,” काका म्हणाले. “पण आधी साहेबांना विचारावं लागेल.”

*

साहेबांच्या टेबलावर बोट फिरवलं असतं तर बोटाला धूळ लागली नसती. मागच्या कपाटात ती ढाल होती, तिलाही वेगळी काच. साहेबांनी काकांचं ऐकून घेतलं आणि मुलांकडे बघितलं.

“पाला म्हणजे कचरा,” ते म्हणाले. “कचरा पाण्यात टाकायचा, आणि तो चांगला म्हणायचा? पाणी घाण बरं की स्वच्छ बरं, हे आता मला मुलांनी शिकवायचं?”

ताई रागाने लाल झाली. काका मान खाली घालून दाराकडे वळले. पण वकील पुढे झाला आणि अगदी गरीब चेहरा करून म्हणाला, “नाही साहेब. आम्हालाच कळत नाही, तुम्ही शिकवा. वजनवाले साहेब यायचेत, त्या दिवशी तुम्ही केंद्रावर या. आम्ही एका बरणीत स्वच्छ पाणी भरू, एका बरणीत पाल्याचं. दोन्हींत एक-एक मासा सोडू. मासा ज्यात सुखी, ते पाणी चांगलं. निकाल तुम्हीच द्या.”

“त्यात निकाल काय द्यायचा? शेंबडं पोरही सांगेल.”

“मग कबूल? ज्यात मासा सुखी, तसंच पाणी ओढ्यात ठेवायचं?”

“कबूल,” साहेब म्हणाले. खात्याच्या माणसासमोर निकाल द्यायचा, ही कल्पना त्यांना आवडली होती.

बाहेर आल्यावर ताईने भावाच्या पाठीत धपाटा घातला. तो शाबासकीचा होता, पण लागला.

*

वजनवाला आला. बुटका, चष्मा लावलेला, बोलायला चांगला माणूस. मावशीने बोटुकली जाळ्याने काढली, त्याने तराजूत टाकली, काटा बघितला. पुन्हा काढली, पुन्हा बघितला. तिसऱ्या वेळेला त्याने मावशीकडे बघायचं टाळलं, आणि काय झालं ते सगळ्यांना कळलं. मुंगी आपल्या बुटांकडे बघत उभी होती.

मग साहेब आले. खोलीतल्या बाकावर दोन मोठ्या बरण्या मांडल्या होत्या. एकीत केंद्रातलं पाणी, पलीकडची भिंत आरपार दिसेल असं. दुसरीत भिंतीच्या वरचं, पाल्यासकट ढवळून भरल्याने तपकिरी, तळाशी काळी पानं. मुंगीने दोन्हींत एक-एक बोटुकली सोडली.

“निकाल द्या साहेब,” वकील म्हणाला.

“द्यायचाच आहे. हा इथे सुखी आहे, दिसतोच आहे,” साहेबांनी स्वच्छ बरणीवर टिचकी मारली. “आणि तो बिचारा चिखलात.”

काही क्षण गेले. दोन्ही मासे घाबरून तळाशी बसून होते. वजनवाल्याने सामान आवरायला घेतलं. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. वकिलाच्या कानशिलावर थंडीतही घाम आला.

मग पाल्याच्या बरणीतलं एक पान हललं. त्याखालून एक बिऱ्हाडकर आपली नळी ओढत बाहेर आला. बोटुकलीने तोंड वळवलं, जराशी पुढे सरकली आणि पुढच्या क्षणी नळीसकट तो किडा तिच्या तोंडात होता. तिने खडे थुंकले आणि आतला माल खाल्ला. मग ती अशी काही सुटली, की पान उलट, काडी ढकल, कोपरा शोध, जणू जन्मात पहिल्यांदाच जेवत होती. शेजारच्या स्वच्छ बरणीतली बोटुकली काचेला नाक लावून तिकडे बघत होती. खरंच बघत होती की नाही देव जाणे, पण दिसत तसंच होतं.

वजनवाला चष्मा वर करून बरणीपाशी वाकला. त्याने ताईला चार प्रश्न विचारले, मुंगीला दोन. उत्तरं ऐकली आणि साहेबांकडे वळला.

“निकाल लागला म्हणायचा,” तो म्हणाला.

साहेब तसे वाईट नव्हते, फक्त झटकून-पुसून राहणारे होते. ते बराच वेळ स्वच्छ बरणीकडे बघत राहिले. “पाला खाली सोडायला माझी हरकत नाही,” शेवटी म्हणाले. “ढाल परत करावी लागली तर करू.” मग त्यांनी वकिलाच्या डोक्यावर हात ठेवला. “फसवलंस मला. पण बरं केलंस.”

वजनवाल्यानेही तोंडभरून कौतुक केलं. आमच्या खात्याला दोन वर्षांत सापडलं नाही ते तुम्ही सुट्टीत शोधलंत, तुमच्या शाळेला कळवतो, असं बरंच काही. मुंगी त्याचं कौतुक संपायची वाट बघत होती.

“मग केंद्र राहील ना?” तिने विचारलं.

वजनवाल्याने चष्मा काढून पुसला. “वजन मला बदलता येत नाही, बाळ. मी कळवीन की ओढा सावरेल. पण एकदा बंद केलेलं केंद्र परत उघडलेलं मी अजून बघितलं नाही. तुला खोटं कशाला सांगू?”

*

जाळ्या काढायचं काम मावशीने स्वतः केलं. दोन्ही टोकांची जाळी उचलली आणि वळसा ओढ्याला मोकळा झाला. बोटुकली मात्र होती तिथेच राहिली. मुंगीने पायाने पाणी ढकललं.

“जा ना,” ती म्हणाली. “कोणी अडवलं नाहीये.”

संध्याकाळपर्यंत बरीचशी गेली. कुठे गेली आणि किती दिवस काढतील, हे मावशीने सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

उरलेल्या सुट्टीत चौघं मिळून एकच काम करत होती. काका दंताळ्याने पाला ओढायचे आणि तिघं तो भिंतीच्या पलीकडे लोटायची. घरामागच्या विटाही फोडून, भिजवून, हाताने कुस्करून ओढ्यात सोडल्या. ती विटांची एवढी मोठी भिंत गेली तरी ओढ्याला त्याचं काहीच वाटलं नाही. मुंगी रोज खालचे दगड उलटायची. रोज वाळू.

सकाळी आंघोळ गार पाण्याने. किंचाळायचं सगळ्यांनी, कुरकुरायचं कोणीच नाही. संध्याकाळी मावशी केंद्र आवरून यायची आणि हात काखेत घालून बसायची. काका टब आणून ठेवायचे, मग आठवायचं, आणि रिकामा टब परत नेऊन ठेवायचे. एका संध्याकाळी ते टब न आणताच तिच्यासमोर बसले आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन चोळत राहिले. ताईने वकिलाला ओढून बाहेर नेलं.

जायचा दिवस आला. सामान नेणारी गाडी दाराशी उभी होती. आधी ताई आणि वकिलाला गावच्या थांब्यावर सोडायचं, मग मावशीला आणि मुंगीला घेऊन पुढे समुद्राकडे. सगळं चढलं होतं, फक्त मुंगीचा पत्ता नव्हता.

ती ओढ्यात सापडली. बुटांत पाणी गेलेलं, हात लाल. तिच्या तळहातावर एक पान होतं. पान म्हणजे नुसत्या शिरा, मधला मऊ भाग जवळजवळ सगळा गेलेला, एका कोपऱ्यात तेवढा थोडा शिल्लक.

“बाबा,” ती म्हणाली, “हे कोणीतरी खाल्लंय.”

काका काठावर बसले. पान हातात घेऊन त्यांनी उजेडापुढे धरलं.

वकिलाच्या अगदी तोंडावर आलं होतं, की हे पान भिंतीच्या वरच कोणीतरी खाल्लेलं असेल आणि आपणच ते काल खाली लोटलं असेल. मुद्दा पक्का होता. त्याने काकांकडे बघितलं, मुंगीकडे बघितलं आणि तो गिळला.

“आठवण म्हणून ठेवा तुमच्याजवळ,” ताई म्हणाली.

काकांनी मान हलवली. ते वाकले आणि पान परत पाण्यात सोडलं.

“कोपरा उरलाय अजून,” ते म्हणाले. “कोणाच्या तरी कामी येईल.”

गाडीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. मुंगीने बुटांतलं पाणी ओतलं, बाबांचा हात धरला आणि ती दोघं चढ चढून वर गेली.